लहान कुत्रं, लांब ड्युटी

परळीच्या थर्मल वीज केंद्रात तीन पाळ्या चालतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालयात सिस्टरांना दिवसपाळी संपते न संपते तोच नाईट लागते, निवासी डॉक्टर एकदा वॉर्डात शिरले की कित्येकदा दुसऱ्या दिवशीच बाहेर पडतात, आणि मुक्कामी गाडी घेऊन गेलेला एसटीचा चालक घरी उगवतो तो दुसऱ्या दिवशी. या नोकऱ्यांतली बरीच माणसं आपल्या गावापासून दूर, क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहतात. दार उघडल्यावर कुणीतरी धावत यावं असं त्यांना वाटत असेल तर त्यात गैर काहीच नाही. मग मनात येतं लहान कुत्रं: पॉमेरियन, पग, शित्झू. मोठ्या कुत्र्याला अंगण लागतं, हे काय, कोपऱ्यात मावेल. हा हिशेब मला मुळातच चुकलेला वाटतो. कुत्रं लहान असलं की खाणं कमी लागतं, जागा कमी लागते, औषधही कमी लागतं. वेळ मात्र तेवढाच लागतो, आणि लांब ड्युटी करणाऱ्याजवळ नेमका तोच नसतो.

बारा तासांची ड्युटी, तासभर जाणं-येणं, सात तास झोप. दिवसाचे उरले चार तास. त्यातच स्वयंपाक, धुणं आणि नळाला पाणी आलं तर भरणं. आठ तासांची पाळी असली तर हिशेब थोडा सैल होतो, पण पाळी बदलत राहते. या आठवड्यात पहाटे पाचला फिरायला नेलेलं कुत्रं पुढच्या आठवड्यातही पाचला दाराशी उभं राहतं, तेव्हा मालक अजून कामावर असतो. तो सकाळी येतो ते झोपेने डोळे मिटत असताना, आणि रात्रभर वाट पाहिलेल्या प्राण्याचा दिवस तर तेव्हा सुरू होतो. पिल्लाचं आणखी अवघड. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा तीन-चार तासांपलीकडे लघवी धरता येत नाही, दिवसातून तीन-चारदा खायला द्यावं लागतं, शिवाय पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीजच्या लसींच्या तारखा सांभाळायच्या. स्वीडनमध्ये घरातल्या कुत्र्याला दिवसा दर सहा तासांच्या आत बाहेर न्यावं असा नियमच आहे. तिथल्याच संशोधकांनी २०११ मध्ये पाळीव कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. दोन तासांनंतर आणि त्याहून जास्त वेळाने मालक परतला तेव्हा कुत्र्यांनी त्याचं स्वागत अर्ध्या तासानंतरच्यापेक्षा कितीतरी जोरात केलं. म्हणजे एकटेपणाचा काळ किती लांबला याचा फरक त्यांच्यावर पडतो.

‘कुत्रं तसंही दिवसभर झोपतंच की’ असं यावर हमखास ऐकू येतं. खरं आहे, पण ते तुकड्या-तुकड्यांनी झोपतं आणि जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसतं. एकटेपणा न सोसणाऱ्या कुत्र्याची तगमग बहुधा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते. दाराच्या चौकटीवर खालच्या बाजूला ओरखडे, उंबऱ्याशी लाळेचा ओला डाग आणि सकाळी भरलेली वाटी जशीच्या तशी, हे संध्याकाळी दिसलं की दिवस कसा गेला ते कळतं. जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेलात तर याची खात्री करून घेता येते. सोबतीला दुसरं कुत्रं आणावं, असंही सुचवलं जातं. पण ही तगमग माणसासाठी असते, त्यामुळे दुसऱ्याने ती थांबेलच असं नाही. खर्च आणि साफसफाई मात्र दुप्पट होते.

याहून वजनदार आक्षेप गावाकडून येतो. आपल्याकडे शेतावरचं कुत्रं कुणी तासांचा हिशेब मांडून पाळलं? धनगराच्या कळपामागे, बैलगाडीखाली, खळ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या जगलीच की. जगली, कारण माणूस जिथे कामाला तिथेच कुत्रंही होतं. सावली त्याची त्याने शोधली, पाण्याची डबकी त्याला ठाऊक होती, आजूबाजूला माणसं आणि इतर कुत्री होती. कडी लावलेल्या खोलीत यातलं काहीच नसतं. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत वीज गेली आणि पंखा थांबला की कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करण्यावाचून इलाज नसतो, कारण माणसासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. चपट्या नाकाच्या पग-शित्झूला तर ती धापही नीट टाकता येत नाही. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवण्यात मालकाने हयगय करणं ही क्रूरता ठरते.

तरी ‘नोकरदाराने कुत्रं पाळूच नये’ असं मी म्हणणार नाही. घरी आई-वडील असतील आणि त्यांनी स्वतःहून हो म्हटलं असेल (मुलाच्या हौसेपोटी मान डोलावणं निराळं), किंवा शेजारी किल्ली ठेवून दुपारी दार उघडणारं भरवशाचं माणूस असेल, तर जमतं. त्या माणसालाही त्याबदल्यात काही द्यावं. फुकटची मदत महिन्याभरात आटते. महिन्याचा ड्युटीचा तक्ता समोर घेऊन प्रत्येक दिवशी दार कोण उघडणार ते लिहून काढावं. सहा तासांहून मोठी रिकामी जागा वारंवार दिसत असेल तर थांबलेलं बरं. तक्ता जुळला तर पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचं कुत्रं घ्यावं, गावठी असेल तर इथलं ऊन त्याला सोसतं. उन्हाळा टाळावा, सुरुवातीला दहा-पंधरा दिवसांची रजा काढावी आणि त्या दिवसांत पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास असं टप्प्याटप्प्याने बाहेर जाऊन एकटं राहण्याची सवय लावावी. लहान जातीचं कुत्रं बारा ते पंधरा वर्षं जगतं. तेवढ्या काळात बदली होणार, लग्न होणार, घर बदलणार, हेही आजच मोजायला हवं.

आणि तक्ता जुळतच नसेल, तर क्वार्टरच्या फाटकाशी असलेल्या कुत्र्याला आधार देता येतो. त्याला स्वतःचं जग आहे, तुम्ही नाईटला गेलात म्हणून ते अडत नाही. पण जबाबदारी इथेही आहे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी लागते, नसबंदीसाठी नगरपालिकेकडे पाठपुरावा करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांना ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालायला सांगितलं आहे, तेव्हा वाटी कुठे ठेवायची ते वसाहतीतल्या लोकांशी बोलून ठरवावं, शाळेची मुलं जातात ती वाट सोडून.