गवताची प्रत आणि बाजारभाव

पावसाळा सरताच कुरणांतील गवत कापले जाते आणि गंजी रचण्यापूर्वीच कित्येक शेतकरी ते विकून मोकळे होतात. त्या वेळी आवक मोठी असल्याने भाव उतरलेले असतात. चैत्र-वैशाखात चारा दुर्मिळ झाला म्हणजे ते चढतात. शिवाय सौदा पेंढ्यांच्या शेकड्यावर होत असेल, तर पेंढीचे वजन व प्रत यांचा हिशेब घेणाराच करतो, विकणारा करीत नाही. म्हणून प्रतीची पारख शेतकऱ्यास अवश्य असली पाहिजे. तीसाठी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पाने : पोषक अंश काड्यांपेक्षा पानांत अधिक असतो. पानाळ व मऊ गवत उत्तम होय.

रंग : हिरवट छटा ही वेळेवर कापणी व योग्य वाळवण यांची खूण आहे. पांढुरके गवत अतिपक्व, उन्हाने करपलेले अथवा पावसाने भिजलेले असते.

वास : कुबट वास म्हणजे बुरशी. असे गवत स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ते जनावरांस अपायकारक असते.

मिसळ : माती, काटे व तण नसावे. कुसळी गवताची पक्व कुसळे जनावरांच्या तोंडास इजा करतात.

ओलावा : साठवणीच्या गवतात तो शेकडा 15 हून अधिक नसावा. मूठभर गवत पिळावे. काड्या कडकन न मोडता नुसत्या वाकल्या, तर ते अजून ओले आहे असे समजावे.

ओलाव्याचा भावाशी निकट संबंध आहे. समजा, शेकडा 15 ओलाव्याच्या गवतास क्विंटलला 850 रुपये भाव आहे. त्यात 85 किलो शुष्क भाग असतो, म्हणजे किलोस 10 रुपये पडतात. ओलावा शेकडा 25 असल्यास शुष्क भाग 75 किलोच भरतो. त्या गवताचे मोल 750 रुपयेच होय.

वजन वाढेल या आशेने गवत बी झडेपर्यंत उभे ठेवणे तोट्याचे आहे. त्यातील प्रथिने घटतात व काड्या निबर होतात. गवत फुलोऱ्यात असताना, पावसाची उघडीप पाहून कापावे, उलटपालट करीत वाळवावे आणि जमिनीपासून उंच माचावर गंजी रचावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेळेवर कापलेली व उशिरा कापलेली अशा दोन पेंढ्या शेतकऱ्यांसमोर शेजारी ठेवून हा फरक दाखवावा, आणि सौदा पेंढीवर न करता वजनावर करण्याचा आग्रह धरावा.