नोकरी, प्रवास आणि रजा : थकव्याची चिकित्सा कोठून सुरू करावी?

रोगमुक्तीपूर्वी स्वास्थ्यरक्षणाचा विचार करणारे आपले शास्त्र आहे. तरीही आपल्या चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात आज सर्वाधिक ऐकू येणारी मागणी 'काहीतरी शक्तीचे द्या' हीच असते. ही मागणी करणारा माणूस बहुधा रुग्ण नसतो. तो नोकरीवर जातो, घर चालवितो, सुट्टीत सहलीलाही जातो. परंतु सकाळी उठताना त्याचे अंग जड असते आणि रजेवरून परतताना तो अधिकच थकलेला असतो. अशा माणसाच्या हाती रसायनाची बाटली देण्यापूर्वी त्याच्या थकव्याचे निदान करणे आपले कर्तव्य आहे. या लेखात पनवेल परिसरातील जीवनक्रमाच्या अनुषंगाने त्याचा विचार करावयाचा आहे.

पनवेलचा बदललेला दिनक्रम

पनवेल हे घाट आणि कोकण यांना जोडणारे जुने व्यापारी गाव. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथे श्री धूतपापेश्वर हा औषधनिर्मितीचा कारखाना सुरू केला, तेव्हापासून आयुर्वेदाशी या गावाचे नाते आहे. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि २०१६ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. या काळात गावाचा दिनक्रमही पालटला. मुंबईत नोकरी करणाऱ्याचा लोकलमध्ये एका बाजूचा सव्वा तासाहून अधिक काळ जातो. तळोजा आणि पाताळगंगा येथील कारखान्यांत पाळ्या चालतात. कळंबोलीच्या पोलाद बाजारात येणारे मालमोटारींचे चालक रात्र रस्त्यावर काढतात. या तिघांच्या थकव्याचे नाव एकच असले तरी त्याचे हेतू भिन्न आहेत.

थकवा म्हणजे बलक्षयच नव्हे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मल-मूत्राच्या वेगांकडे आपले लक्ष सहज जाते. परंतु क्षुधा, तृष्णा आणि निद्रा यांचाही त्यांत समावेश आहे, याचा प्रत्यक्ष व्यवहारात अनेकदा विसर पडतो. या तिन्हींच्या धारणाची लक्षणे एकत्र वाचून पाहावीत. भूक मारल्याने दौर्बल्य, अंगमर्द, अरुची व भ्रम. तहान मारल्याने मुखशोष, श्रम व अवसाद. झोप मारल्याने जांभया, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व डोळ्यांचे जडपण. 'शक्तीचे औषध' मागणाऱ्याची तक्रार याहून वेगळी ती काय असते?

लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. त्यामुळे घरून निघण्यापूर्वी पाणी न पिण्याची सवय अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, जडते. कार्यालयात पोचल्यावर कामाच्या गर्दीत ते राहून जाते. अशा प्रकारे तृष्णा आणि मूत्र हे दोन्ही वेग रोज रोखले जातात. सायंकाळची भूक प्रवासात मरते आणि रात्री साडेनऊला पोटभर जेवण होते. लगेच झोप, पहाटे पुन्हा गाडी. येथे शास्त्राने सांगितलेले उपाय पाहावेत. क्षुधाधारणात स्निग्ध, उष्ण, लघु भोजन. तृष्णाधारणात शीत तर्पण. निद्राधारणात झोप आणि संवाहन. यांत रसायनाचे नावही नाही. अशा माणसास च्यवनप्राश द्यावयाचा आणि त्याची तहान तशीच ठेवावयाची, ही चिकित्सा नव्हे. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, ही सुश्रुताचार्यांची रसायनविषयक उपमा येथेही लागू पडते.

नोकरदारास द्यावयाचा सल्ला साधा आहे. सकाळी वेळ राखून मलमूत्रविसर्जन करावे. कार्यालयात पोचताच पाणी प्यावे व दिवसभर तहानेप्रमाणे पीत राहावे. परतीच्या गाडीपूर्वी साळीच्या लाह्या किंवा एखादे फळ घ्यावे आणि रात्रीचे जेवण भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी असे हलके ठेवावे. झोपण्यापूर्वी तळपायांस तेल चोळावे. हा सल्ला औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावा. तोंडी सांगितलेले रुग्ण पायरी उतरेपर्यंत विसरतो.

रात्रपाळीचा प्रश्न

रात्रीचे जागरण रूक्ष व वातकर आणि दिवसाची झोप स्निग्ध व कफकर, हे सर्वांस ज्ञात आहे. तथापि सवय नसताना जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपावे, असे वाग्भटाचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. अधूनमधून रात्रपाळी येणाऱ्या कामगारास हा नियम फार उपयोगी पडतो. पाळी सुटताच पोटभर वडापाव खाऊन दुपारपर्यंत झोपल्याने जे आम्लपित्त व जडपणा येतो, तो टळतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यास मात्र उपाशी झोपण्याचा सल्ला देऊ नये. ज्याची रात्रपाळी कायमची आहे त्याने अंधाऱ्या, शांत खोलीत रोज ठरल्या वेळी पूर्ण झोप घेणेच श्रेयस्कर. पाळी बदलताना आहार व झोपेच्या वेळा एकदम न पालटता पादांशिक क्रमाने, म्हणजे थोड्याथोड्या अंशाने सरकवाव्यात.

रजा : विश्रांती की नवा श्रम?

रजेत आजारी पडण्याचे मुख्य कारण हा पादांशिक क्रम मोडणे हेच होय. सहा दिवस खुर्चीवर बसलेला तरुण पावसाळ्यातील रविवारी कलावंतीण किंवा प्रबळगड चढावयास निघतो. शास्त्राने व्यायाम अर्धशक्तीने सांगितला आहे. पूर्ण व्यायामाचा काळ शीतकाळ व वसंत होय, इतर ऋतूंत तो मंदच करावा. कपाळ, नाक व काखेत घाम येऊ लागला आणि तोंड कोरडे पडले की थांबावे, ही खूण त्यास सांगावी. गड चढू नये असे नव्हे. परंतु त्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज चालणे वाढवीत न्यावे.

दुसरे उदाहरण गणेशोत्सवाचे. पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने आणि पनवेल स्थानकातून कोकण रेल्वेने असंख्य चाकरमानी गावी जातात. काळ भाद्रपदाचा, म्हणजे वर्षा ऋतूचा. अग्नी मंद, देश अनूप आणि त्यात रात्रभर प्रवास, भजनाचे जागरण, मोदक व तळलेले पदार्थ. सण सोडण्यास कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये. प्रवासाने थकलेल्यास दिवसा झोपण्याची शास्त्राने मुभा दिली आहे, तिचा लाभ घ्यावा. प्रवासात उकळून गार केलेले पाणी, पोचल्यावर पहिल्या जेवणी तांदळाची पेज, मोदकांच्या दिवशी रात्री लंघन किंवा अगदी हलका आहार, एवढे पाळले तरी पुष्कळ साधते. परतल्यावर कामावर रुजू होण्यापूर्वी एक दिवस घरी विश्रांतीसाठी राखून ठेवावा.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मलवेगाच्या धारणाने पिंडिकोद्वेष्टन, म्हणजे पोटऱ्यांत गोळे येणे, हे लक्षण होते. परंतु पावसाळ्यात चिखलपाण्यात वावरलेल्या माणसास ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली असल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. कोकणपट्टीत हा रोग आढळतो आणि विलंब झाल्यास मूत्रपिंड व यकृतावर आघात करतो. अशा रुग्णास अंगदुखीचे तेल देऊन घरी न पाठविता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

'शक्तीचे औषध' मागणाऱ्या ग्राहकास पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. झोप किती व केव्हा होते?
२. दिवसभरात पाणी केव्हा पिता? लघवी रोखावी लागते काय?
३. रात्रीचे जेवण किती वाजता होते?
४. मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडची औषधे चालू आहेत काय? गर्भारपण आहे काय?
५. वजन घटणे, धाप, छातीत दुखणे किंवा रक्तस्राव यांपैकी काही आहे काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास औषध न देता वैद्यांकडे पाठवावे. च्यवनप्राशात साखर असते, हे मधुमेहींस सांगावे. थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांस व गर्भवतीस अश्वगंधा वैद्यांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. आसव-अरिष्टांत स्वयंजात मद्यार्क असतो, याची जाणीव वाहनचालकांस द्यावी. वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना ज्यांच्या वेष्टनावर छापलेली असते, ती औषधे केवळ मागितली म्हणून हातात ठेवू नयेत.

या प्रश्नांमुळे एखादी बाटली कमी विकली जाईल, हे खरे. परंतु साखर वाढलेला किंवा पंडुरोग अंगावर काढलेला ग्राहक सहा महिन्यांनी 'आयुर्वेदाने काही झाले नाही' असे म्हणतो, तेव्हा होणारी हानी एका बाटलीच्या नफ्याहून कितीतरी मोठी असते. उलट पाणी, जेवण व झोप यांची घडी बसवून ज्याचा थकवा गेला, तो ग्राहक पुढे घरच्यांनाही घेऊन येतो. योग्य वेळी, योग्य व्यक्तीस दिलेले रसायन मग आपले काम उत्तम करते. वैद्य आणि विक्रेता यांनी मिळून हा क्रम पाळावा : प्रथम हेतूचा त्याग, मग अग्नीची काळजी आणि त्यानंतरच बल्य औषध.