कोपीतला रात्रीचा गोळा

ऊसतोडीच्या टोळीत पेटक्याला कुणी आजार मानत नाही. 'गोळा आला' म्हणायचं, पोटरी चोळायची आणि पहाटे पुन्हा कोयता घेऊन फडात उतरायचं. मी पाथर्डी तालुक्यातली. आई-वडील प्रवरेच्या पट्ट्यात ऊस तोडायचे. आता आरोग्यसेविका म्हणून मी तशाच ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाते.

दिवसभर कमरेत वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. त्या चढाला सगळा भार पंज्यावर, म्हणजे पोटरीवर येतो. स्नायू असा दमला की त्याला 'आवळ' सांगणाऱ्या नसा चेकाळतात आणि 'सैल सोड' सांगणाऱ्या मंदावतात. झोपेत पाऊल खाली वळलेलं, पोटरी आधीच आखूड झालेली; तेवढ्यात ती गच्च आवळते आणि सुटत नाही.

दुसरं कारण घाम. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पाण्याबरोबर मीठही जातं. 1932 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हूवर धरणावरच्या मजुरांना असेच पेटके येत. हार्वर्डच्या डॉक्टरांनी तपासलं, तर कमी पडत होतं ते मीठ. नुसतं पाणी पिऊन भागत नाही ते यासाठी.

बायका तर पाणीच कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो. हे मला सगळ्यात जास्त सलतं. आडोशाची सोय हासुद्धा पेटक्यावरचा इलाज आहे, आणि तो मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हातात आहे.

गोळा आला की पाय लांब करा. गुडघा न वाकवता पंजा हाताने नडगीकडे ओढा; हात पोचत नसेल तर तळव्याला पदर अडकवून ओढा. अर्धा मिनिट तसाच धरा. ताण बसला की स्नायू सोडण्याचा निरोप मज्जारज्जूकडे जातो. मग हलकं चोळा, शेक द्या. झोपण्याआधी ट्रॉलीला हात टेकून, टाच जमिनीला ठेवून दोन्ही पोटऱ्या ताणायची सवय लावा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात पंचावन्नच्या पुढच्या माणसांचे रात्रीचे पेटके अशा ताणानं कमी झाले होते.

फडात नेण्यासाठी ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळा. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला वारंवार गोळे येत असतील, तरी दवाखान्यात दाखवा.

एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नका, लगेच दवाखाना गाठा. उन्हात पेटक्यांबरोबर उलट्या झाल्या, माणूस बरळायला लागला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याला सावलीत आणा, अंग ओलं करा आणि 108 ला फोन लावा. गाडी भरायची राहिली तरी चालेल.