निवारा की अडगळीची खोली?

पाळलेले कुत्रे किंवा मांजर प्राण्यांच्या निवाऱ्यात आणून सोडणाऱ्यांची कारणे बहुधा ठरलेली असतात. बदली झाली, घरात तान्हे मूल आले, सोसायटीने हरकत घेतली, कोणाला तरी ॲलर्जी निघाली. आणि 'इतका मोठा होईल असे वाटले नव्हते' हे कारणही पुष्कळदा पुढे येते. यांतील काही अडचणी खऱ्या असतात, हे मान्य केले पाहिजे. पण जाता जाता 'इथे त्याला सोबत मिळेल, तो सुखात राहील' असे जे समाधान करून घेतले जाते, ते मात्र क्वचितच खरे ठरते.

माणसांच्या सहवासात वाढलेल्या प्राण्याला निवारा म्हणजे सर्वस्वी परके जग असते. अनोळखी गंध, अहोरात्र भुंकण्याचा कोलाहल, शेजारच्या पिंजऱ्यात जखमी किंवा आजारी जनावर. अशा वातावरणात अनेक प्राणी पहिले काही दिवस अन्नाला तोंड लावत नाहीत आणि त्यांची प्रतिकारशक्ती खालावते. त्यात संसर्गाचे भय वेगळेच. पार्व्होचा विषाणू जमिनीवर आणि भांड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो. लस न टोचलेले पिल्लू अशा ठिकाणी आले, तर ते दगावण्याचा धोका मोठा असतो. म्हणूनच चांगल्या संस्था नव्या प्राण्याला काही दिवस वेगळे ठेवतात. पण जागाच अपुरी असेल तर हे पथ्य पाळायचे तरी कसे?

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातही शिरू लागले, तेव्हा जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला. पुढे इतरांनीही त्यांना साथ दिली आणि शहराचे व्यवहार बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अन्य दानशूरांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय हेही एकोणिसाव्या शतकातलेच. म्हणजे प्राण्यांसाठी दान देण्याची परंपरा या शहरात जुनी आहे. दान देणाऱ्यांची उणीव इथे तितकीशी कधीच नव्हती; आपल्या घरच्या जनावराची जबाबदारी शेवटपर्यंत निभावणाऱ्यांची आहे.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि दुबळाही. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! एवढ्या पैशांत आज धड वडापावही घरादाराला पुरणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. २०१७ च्या नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना नोंदणीचे प्रमाणपत्र मागून पाहणारे ग्राहक किती, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

निवाऱ्यांवरचा ताण किती वाढू शकतो, याची कल्पना २०२५ मध्ये साऱ्या देशाला आली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट रोजी दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. इतकी कुत्री ठेवायची कोठे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला: निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली वा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री हटवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश निघाला. कुत्र्यांच्या चाव्याने आणि रेबीजने जाणारे जीव पाहता न्यायालयाची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. पण निवाऱ्यातला प्रत्येक पिंजरा मोलाचा झालेला असताना, धडधाकट, ज्याला घर आहे असे कुत्रे तिथे नेऊन बांधणे म्हणजे एखाद्या जखमी जनावराची जागा अडविणे होय.

म्हणून खरा विचार व्हायला हवा तो प्राणी घरी आणण्यापूर्वी. कुत्रे साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे जगते. आज चौथीतला मुलगा हट्ट करतो. तो महाविद्यालयात जाईल तेव्हा त्या कुत्र्याला फिरवून आणणार कोण? बर्फाळ प्रदेशातील हस्की किंवा सेंट बर्नार्ड दोन खोल्यांच्या घरात, एप्रिल-मेच्या उकाड्यात ठेवण्याचा सोस तर निव्वळ निर्दयपणाचा आहे. आपल्या गल्लीतले देशी पिल्लू या हवेत अधिक सुखाने वाढते. रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी, पालिकेचा परवाना काढावा आणि गळपट्ट्याला दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला लावावा. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेले कुत्रे परत मिळते ते बहुधा अशा बिल्ल्यामुळेच. निर्बीजीकरणाला 'निसर्गाविरुद्ध' म्हणणारे आजही भेटतात. मादी सुमारे ६३ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात. त्या सर्वांना घरे मिळवून देण्याची हमी असेल तरच हा युक्तिवाद करावा.

सोसायटीच्या हरकतीबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. अर्थात जिन्यातली घाण उचलणे आणि शेजाऱ्यांची झोप सांभाळणे, हे मालकाचे काम आहेच.

निवाऱ्यांना मदत करायची असेल, तर वाढदिवसाला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी पण नेमाने द्यावी. औषधे, पगार आणि खाद्य यांचा खर्च दर महिन्याला येतो, तेव्हा त्याचा मेळ बसतो. जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रांची रद्दी यांचा पिंजऱ्यांत अंथरण्यासाठी मोठा उपयोग होतो. परंतु काय हवे ते आधी विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरच्या एखाद्या मांजराला दोन-तीन आठवडे घरी सांभाळण्याची तयारी दाखविली, तर एक पिंजरा मोकळा होतो. देणगी देण्यापूर्वी संस्थेला प्रत्यक्ष भेट द्यावी, नव्या प्राण्यांना वेगळे ठेवतात का, पशुवैद्य किती वेळा येतात, हिशेब दाखवितात का, हे विचारावे. आणि दत्तक घेताना संस्थेचा माणूस घर पाहायला आला, खिडक्यांना जाळ्या आहेत का, गावी गेल्यावर प्राणी कोणाकडे राहील, असे प्रश्न विचारू लागला, तर त्याचा राग मानू नये.