वर्टचा कढ

ब्रिटनमध्ये घरच्या घरी बिअर करणाऱ्यास १८८० च्या कायद्यान्वये सरकारी परवाना काढावा लागे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ साली ती अट रद्द केली, आणि मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड अर्क, ज्याला वर्ट म्हणतात, तेथील कित्येक स्वयंपाकघरांत राजरोस उकळू लागला. हा कढ साधारणतः तासभर चालतो (उतावळ्याने या वाटेस जाऊच नये), आणि तो केवळ जंतुनाशार्थ असतो हा समज अपुरा होय. कारण हॉप्सच्या फुलांतील अल्फा आम्ले या दीर्घ उष्णतेनेच रूपांतर पावून रसात विरघळतात व त्यास कडवटपणा देतात, तर त्यांतील सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जात असल्यामुळे गंधासाठीची फुले अखेरच्या काही मिनिटांतच टाकावी लागतात. प्रथिने गोठून नासलेल्या दुधासारखे पुंजके होऊ लागतात, तेव्हाच फेसही उसळतो. म्हणून पातेले काठोकाठ भरू नये. झाकण मात्र उघडेच हवे, कारण उकडलेल्या मक्याचा वास देणारे डायमिथिल सल्फाइड वाफेवाटेच निघून जाते. पुढे रस सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत झटपट निववून मगच यीस्ट घालावे. कढत रसात ते मरते.