मागच्या फळीतला माणूस

मे १९७६. मॉन्ट्रियल फोरममध्ये आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेचा दुसरा सामना चालू होता. फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या गॅरी डॉर्नहोफरला मॉन्ट्रियलचा बचावपटू लॅरी रॉबिन्सनने कडेला असं काही आदळलं, की रिंकभोवतीच्या फळ्यांना पोचा पडला आणि त्या दुरुस्त होईपर्यंत खेळ थांबवावा लागला. दांडगाईच्या जोरावर लागोपाठ दोन कप जिंकलेला फिलाडेल्फियाचा संघ ती मालिका ०-४ अशी हरला.

रॉबिन्सनचं नाव निघालं की हाच किस्सा आधी सांगितला जातो. त्यामुळे तो हाणामारीवाला गडी वाटतो आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. कारण त्याची खरी ताकद अंगात कमी आणि नजरेत जास्त होती.

१९५१ साली ऑन्टारिओच्या पूर्व भागात जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. १९७१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या निवडीत, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी त्याला विसाव्या क्रमांकावर उचललं. सहा फूट चार इंच उंची आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं, म्हणून मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ कार्यक्रमातल्या पक्ष्याचं ‘बिग बर्ड’ हे नाव त्याला चिकटलं. सर्ज सव्हार्ड आणि गी लापॉइंट यांच्या जोडीला तो आला आणि प्रशिक्षक स्कॉटी बोमनच्या हाती बचावाचं एक त्रिकूट लागलं. १९७६-७७च्या हंगामात हा संघ ८० सामन्यांत फक्त ८ वेळा हरला.

त्याच हंगामातला एक आकडा मला त्या पोच्यापेक्षा बोलका वाटतो. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाचा गोल झाला की अधिक एक, आपल्यावर झाला की उणे एक. पॉवर प्लेचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचे, गोल यात धरत नाहीत. या हिशेबात रॉबिन्सन त्या वर्षी अधिक १२० होता. त्याच्यापुढे इतिहासात एकटा बॉबी ऑर आहे, १९७०-७१चा, अधिक १२४. मात्र सबंध कारकिर्दीची बेरीज केली तर ऑरही मागे पडतो. संघ बलाढ्य होता हे खरंच, पण वीस हंगाम खेळून एकदाही प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) न चुकणं नुसत्या संघाच्या पुण्याईवर जमत नाही. खेळाडू म्हणून त्याने सहा कप जिंकले.

१९९२ला तो लॉस एंजेलिस किंग्जकडून खेळून निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सी डेव्हिल्सचा सहायक प्रशिक्षक झाला. मुख्य प्रशिक्षक होता त्याचा मॉन्ट्रियलचा जुना सहकारी जाक लमेर. संघातले बचावपटू रॉबिन्सनच्या हाताखाली होते. त्यांतला स्कॉट स्टीव्हन्स त्या पहिल्याच हंगामात अधिक ५३ गाठून लीगमध्ये अव्वल ठरला. १९९५ला कप आला.

मग बढती. १९९५ ते १९९९ अशी चार वर्षं किंग्जचं मुख्य प्रशिक्षकपद. त्यात प्लेऑफ एकदाच. रॉबिन्सन पुन्हा डेव्हिल्सकडे सहायक म्हणून परतला. मार्च २०००मध्ये, हंगामाचे आठच सामने उरले असताना, डेव्हिल्सनी तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक रॉबी फ्टोरेकला काढून सूत्रं याच्याकडे दिली. कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाने १-३ असं मागे टाकलं, तेव्हा एरवी शांत असणारा हा माणूस ड्रेसिंग रूममध्ये भडकला आणि त्याने कचऱ्याच्या डब्यावर लाथ घातली. संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले. नंतर डॅलसविरुद्धच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत, जेसन आर्नॉटने गोल केला आणि कप न्यू जर्सीला आला. माझ्या मते ती लाथ लागू पडली ती दुर्मीळ होती म्हणून. रोज ओरडणाऱ्याचं कोण मनावर घेतो?

पण मुख्य प्रशिक्षकाला रोजच कुणाला तरी बाकावर बसवावं लागतं, कुणाचं तरी मन मोडावं लागतं. २००१ला डेव्हिल्स अंतिम मालिकेत कोलोरॅडोकडून सात सामन्यांत हरले आणि जानेवारी २००२मध्ये रॉबिन्सनलाच काढण्यात आलं. २००५ला तो पुन्हा त्याच खुर्चीवर बसला खरा, पण डिसेंबरमध्ये ताण आणि डोकेदुखीने हैराण होऊन स्वतःच उठला. सरव्यवस्थापक लू लॅमोरिएलोला बाकामागे उभं राहावं लागलं.

याला अपयश म्हणायला मी तयार नाही. मॉन्ट्रियलमध्ये तो जे करायचा, तेच सहायक म्हणून करत होता: मागे राहून चाल ओळखायची आणि पुढच्याला वाट काढून द्यायची. नंतर २०१२ला तो सॅन होझे शार्क्सकडे गेला, तोही दुय्यम पदावरच. २०१९ला सेंट लुईस ब्लूजनी आपला पहिला कप जिंकला, तेव्हा त्यांचा ज्येष्ठ सल्लागार रॉबिन्सन होता. डेव्हिल्सकडे दुय्यम पदावर असतानाचा २००३चा कप धरून हा त्याच्या खात्यातला दहावा.