निबंधाच्या वह्या व संगणकावरील संग्रह

वार्षिक परीक्षा संपली कीं मुलांच्या निबंधाच्या वह्या रद्दींत जातात. आम्हीं पस्तीस वर्षें अध्यापन केलें. परंतु 'तुझें लेखन येथून येथवर आलें' असें एकाहि विद्यार्थ्यास पुराव्यानिशीं दाखवितां आलें नाहीं, ही खंत आहे.

मुलांनीं संगणकावर 'गूगल डॉक्स'मध्यें निबंध लिहिल्यास ही उणीव भरून निघते. २००६ सालीं निघालेल्या या साधनांत लेखाचे जुने खर्डे दिनांक-वेळेसह राहतात. दुसऱ्या कोणीं आपल्या खात्यांतून हात फिरविला, तर त्याचें नांवहि उमटतें.

परवां आमचा नातू जून महिन्यांतील निबंध लाजून पुसूं लागला. आम्हीं त्यास थांबविलें व जुना-नवा निबंध शेजारीं ठेवून वाचावयास लाविलें. पाल्हाळ कोठें होता, तें त्याचें त्यालाच उमगलें!

सुज्ञ पालकांनीं दरमहा एक निबंध मुलाकडूनच निवडवून घ्यावा व 'यांत काय सुधारलें' हें त्याच्याकडून दोन ओळींत लिहवून घ्यावें. चूक दाखवावी, वाक्य मात्र स्वतः लिहूं नये. संग्रह घरचीं माणसें व शिक्षक यांपुरताच खुला ठेवावा. सुबक प्रतीपेक्षां खोडाखोडच मुलाच्या प्रगतीची खरी साक्ष होय.